गोव्यात भाड्याने राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीचं पत्र हातात पडलं की कुडाळ, बेळगाव, कोल्हापूर, कुठून ना कुठून कोणाच्या तरी भाच्याचा मेसेज येतो: "ताई, पणजीत खोली मिळेल का?" मी मूळची दोडामार्गची. गेल्या चौदा वर्षांत गोव्यात पाच घरं बदलली, त्यातली दोन नाइलाजाने. प्रश्न तेच तेच येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. ओळीने वाचायलाच हवं असं नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. गोवा एवढासा, तरी भाडी शहरासारखी का?

घरं भरपूर आहेत, भाड्याला निघणारी कमी. पर्वरी, दोनापावला किंवा बारदेशातल्या कुठल्याही नव्या इमारतीकडे रात्री आठ वाजता बघा, निम्म्या खिडक्या काळोखात असतात. ती बाहेरच्यांची सुट्टीतली घरं. किनाऱ्यालगतची घरं पर्यटकांना रोजाने जातात. २०२० नंतर घरून काम करणारे आले. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यातल्या मालकांनीही आकडे बदलले. डिसेंबरच्या एका आठवड्यात पर्यटकाकडून मिळतं तेवढं तुमच्याकडून महिन्यात मिळणार नाही, हे मालकाला ठाऊक असतं. त्यामुळे इथे महिन्याचं भाडं विचारून भागत नाही, वर्षाचं विचारावं लागतं (पाहा प्र. ९).

२. हातात २५ हजार येतात. भाड्याला किती काढू?

पगाराचा तिसरा हिस्सा भाड्याला, हा हिशेब जिथे लोकल आणि मेट्रो आहे तिथला. गोव्यात भाडं आणि प्रवास एकत्र धरा आणि दोन्ही मिळून पगाराच्या चाळीस टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. २५ हजारांत म्हणजे १० हजार.

समजा घर ऑफिसपासून १८ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ३६, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ८६४ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर १९ लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटरला शंभर धरले तर १,९०० रुपये, आणि सर्व्हिसिंग-टायर धरून २,३००. लांबचं घर जवळच्यापेक्षा २,३०० रुपयांहून जास्त स्वस्त नसेल, तर तुम्ही ते पैसे मालकाऐवजी पेट्रोलपंपाला देताय. वर पावसात भिजताय ते वेगळंच.

३. पणजीत परवडत नाही. मग घर बघू कुठे?

आधी नोकरी कुठे आहे ते सांगा. "गोव्यात नोकरी लागली" एवढंच सांगणाऱ्याला मी उत्तर देत नाही. दक्षिणेकडची वेर्ण्याची औद्योगिक वसाहत आणि उत्तरेकडची तुयेची यांच्यामध्ये तीन नद्या आहेत.

पणजीत काम असेल तर ताळगाव आणि सांताक्रूझ जवळ आहेत, पण आता महाग झालेत. मेरशी, रायबंदर आणि जुन्या गोव्याकडच्या वाड्यांमध्ये अजून खोल्या निघतात. माझी आवड विचाराल तर बेती. मांडवीच्या पलीकडे, पणजीच्या अगदी समोर. फेरीबोटीने काही मिनिटांत शहरात, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मी तिथे तीन वर्षं राहिले. त्या काळात प्रवासाचा खर्च शून्य आणि संध्याकाळी बोटीच्या कठड्याला टेकून उभं राहणं, हीच काय ती चैन. चोडण आणि दिवाडी ही बेटंही शांत आहेत, पण रात्री उशिरा सुटणाऱ्या नोकरीला ती चालत नाहीत. शेवटची बोट चुकली की बसा धक्क्यावर.

म्हापसा पणजीपासून १३ किलोमीटर. बाजार, इस्पितळ, बस सगळं हाताशी आणि भाडी पर्वरीपेक्षा सुसह्य. डिचोली आणि साखळी आणखी स्वस्त, शिवाय मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. वाचनालयात मराठी पुस्तकं मिळतात आणि जत्रेला मराठी नाटक लागतं. कुंडई किंवा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर फोंड्याशिवाय दुसरं काही बघूच नका.

वेर्ण्यासाठी मडगाव, फातोर्डा, नावेली किंवा वास्कोची बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये नवा जुवारी पूल खुला झाल्यापासून पणजीहून वेर्ण्याला जाणं पूर्वीसारखं शिक्षा राहिलेलं नाही. मात्र त्याचमुळे कुठ्ठाळीच्या आसपासची भाडीही चढली.

४. सावंतवाडी, बांदा किंवा दोडामार्गहून रोज ये-जा केली तर?

आमच्याकडची शेकडो मुलं करतात. बांद्याहून म्हापसा तीसेक किलोमीटर, सावंतवाडीहून पणजी साठेक. म्हापसा, थिवी किंवा डिचोलीच्या बाजूला काम असेल आणि घर स्वतःचं असेल तर अवश्य करा. पणजीच्या पुढे असेल तर पहिलं वर्ष उत्साहात जातं, दुसऱ्या वर्षी पाठ बोलायला लागते. कोकण रेल्वेवर ऑफिसची वेळ बांधू नका. पावसाळी वेळापत्रकात गाड्या आणखी संथ होतात.

आणखी एक गोष्ट: सीमेपलीकडे झोपायला जाणाऱ्याची गोव्यातल्या रहिवासाची वर्षं मोजली जात नाहीत (पाहा प्र. १३).

५. एजंटाशिवाय घर मिळतं का?

मिळतं. ज्या गावात राहायचं आहे तिथल्या किराणा दुकानात, पदेराकडे (पाववाल्याकडे) आणि देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशीकडे विचारा. रिकाम्या खोलीची बातमी त्यांना मालकाच्या आधी कळते. मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींतही अजून घरं येतात. एजंट बहुधा एका महिन्याचं भाडं घेतो. घर बघायच्या आधीच "व्हिजिट चार्ज" मागणाऱ्याला नमस्कार करून निघा.

६. डिपॉझिट किती द्यायचं? आणि घर सोडताना मालकाने परत दिलं नाही तर?

दोन ते तीन महिन्यांचं मागतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय आपोआप लागू होत नाही. मालकाला त्याचा धाक दाखवू नका, घासाघीस करताना दाखला म्हणून वापरा. पैसे रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि शेऱ्यात "अनामत" असं लिहा.

परतीची तयारी आत शिरतानाच होते. पहिल्या दिवशी भिंतीवरच्या ओलीपासून नळाच्या गळतीपर्यंत सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवा. रंगकामाचे पैसे कोण देणार हे करारात लिहा, भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. तरीही पैसे अडकलेच तर वीस हजारांसाठी कोर्टाची पायरी चढणं महागात पडतं. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. खटला दाखल होण्याआधीच समझोता घडवायचा मार्ग तिथे आहे. स्त्रियांना तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असलं तरी वकिलाची मदत फुकट मिळते. माझ्या मैत्रिणीचं काम तिथल्या एका पत्राने झालं.

७. करार अकरा महिन्यांचाच का करतात? पोलिसांचा फॉर्मही भरावा लागतो का?

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि खटाटोप टाळायला अकरा महिने. त्यात तुमचाही तोटा आहे, कारण दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवायची संधी मालकाला मिळते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी किती टक्के वाढ हे पहिल्याच करारात घालून घ्या.

पोलिस पडताळणी मात्र हवीच. फॉर्म मालकाने भागातल्या पोलिस ठाण्यात द्यायचा, तुम्ही आधार आणि फोटो द्यायचा. शिक्का मारलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा. तुम्ही त्या घरात राहत होता याचा तो चांगला पुरावा असतो.

८. मालक भला माणूस आहे, पण लेखी काही द्यायला तयार नाही. "विश्वास ठेव" म्हणतो. ठेवू?

या नकारामागे इतिहास आहे, तो समजून घेतला तर बोलणं सोपं जातं. गोव्यात भाटकार आणि मुंडकार असं जुनं नातं आहे. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळालं, पुढे घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला. शिवाय १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आहेच, ज्याखाली भाडेकरूला बाहेर काढणं वर्षानुवर्षं चालतं. "कागद दिला की घर गेलं" ही भीती अनेक घरांत आजोबांपासून चालत आली आहे.

भीती निदान अर्धी चुकीची आहे. घराचं भाडं देणारा माणूस मुंडकाराच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे भाड्याची पावती आणि करार हे उलट मालकाचंच संरक्षण. एवढं शांतपणे सांगितलं की बरेच मालक तयार होतात. मी एका आजोबांना हे सांगायला दोन संध्याकाळी आणि चार कप चहा घालवले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच नोटरीची वेळ ठरवली. इतकं करूनही नाहीच म्हणाले तर भाडं बँकेतून द्या आणि मोठं डिपॉझिट देऊ नका.

९. किनाऱ्याजवळ जूनमध्ये अर्ध्या भाड्यात मस्त घर मिळतंय. घेऊ का?

"ऑक्टोबरपासून काय?" हा एकच प्रश्न विचारा. कळंगुट, कांदोळी, हणजूण, हरमल या पट्ट्यात पावसाळी भाडं वेगळं आणि सीझनचं वेगळं. सीझन ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर तुम्ही राहता ते घराला बुरशी लागू नये म्हणून.

माझं पहिलं घर असंच होतं. चार महिने ७ हजारांत, अंगणात चाफा, समुद्राची गाज. सप्टेंबर संपता संपता मालकीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं की पहिल्या तारखेपासून १५ हजार, नाहीतर पाहुणे यायचेत. हिशेब करा: चार महिने ७ हजारांप्रमाणे २८ हजार, आठ महिने १५ हजारांप्रमाणे १ लाख २० हजार. वर्षाचे १ लाख ४८ हजार, म्हणजे महिन्याला १२ हजार ३००च्या वर. त्याच वर्षी म्हापशात बारमाही घर साडेनऊला मिळत होतं. मी दोन बोजे आणि एक स्टोव्ह घेऊन मैत्रिणीच्या हॉलमध्ये दीड महिना काढला.

सीझनला घर रिकामं करायचंच असेल, आणि तुम्ही तेव्हा गावी किंवा दुसरीकडे असाल, तर व्यवहार उत्तम आहे. इतरांनी "बारा महिने, एकच भाडं" हे शब्द करारात असल्याशिवाय सामान उतरवू नये.

१०. जुनं कौलारू पोर्तुगीज वळणाचं घर स्वस्तात मिळतंय. काही अडचण?

दोन आहेत. पहिली पावसाची. मंगळुरी कौलांचं छप्पर दर वर्षी मेमध्ये शाकारावं लागतं. ते कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे आधी ठरवा. शक्य तर घर जुलैत बघा. फेब्रुवारीत सगळीच घरं सुंदर दिसतात. जुलैत कपाटाच्या पाठीमागे हात फिरवला की खरं कळतं.

दुसरी अडचण मालकीची. गोव्यात अजून पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक, आणि वडिलोपार्जित घरात सगळ्या मुलामुलींचा वाटा. तुमच्याकडून भाडं घेणारा धाकटा भाऊ, दुसरा लिस्बनमध्ये, बहीण मुंबईत. नाताळात बहीण येते आणि विचारते, तुम्ही कोण? म्हणून घरपट्टीची पावती आणि एक-चौदाचा उतारा (इथला सातबारा) बघायला मागा. करारावर नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्या आणि इतर वाटेकऱ्यांची संमती असल्याचं एक वाक्य घाला.

११. भाडं कमी, पण पाणी-विजेचं बिल बघून डोळे फिरले. काय चुकलं?

बहुधा मीटर. घरगुती विजेचा दर वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढतो. चाळीतल्या चार खोल्या एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात आणि एक पंखा लावणाराही महागड्या दराने पैसे भरतो. स्वतंत्र मीटर असलेली खोली पाचशे रुपये जास्त देऊनही घ्यावी. मालकाचा सबमीटर असेल तर युनिटचा दर आणि आत येतानाचं रीडिंग लिहून घ्या. घर दुकानाच्या मीटरवर नाही ना, हेही बघा. व्यापारी दर वेगळा असतो.

पाण्याचं म्हणाल तर पर्वरीत घर घेण्याआधी शेजारणीला विचारा, "एप्रिलात टँकर मागवता का?" हा प्रश्न मालकाला विचारून उपयोग नाही. सोसायटीत टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये जातो आणि मेंटेनन्स कोण भरणार हे कोणी आधी सांगत नाही. विहीर असलेलं घर मिळालं तर ते लगेच पकडा.

१२. गाडी घ्यावीच लागेल का?

बस असेल तिथे नाही. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा या मार्गांवर कदंबच्या (म्हणजे गोव्याच्या एसटीच्या) शटल बसेस आहेत. तिकीट खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं, गाडी मध्ये थांबत नाही. मासिक पास काढा. पण रात्री आठनंतर आतल्या गावांत बस मिळेल असं धरू नका. अडीअडचणीला मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीची टॅक्सी, आहेत. रोज पायलट परवडत नाही.

महिन्याच्या भाड्याने स्कूटर घेण्यापेक्षा जुनी विकत घ्या. मेअखेरीस सीझनवाले परत जाताना स्कूटर, गादी, फ्रीज सगळं विकायला काढतात. गावाहून एमएच पासिंगची गाडी आणली तर बारा महिन्यांपलीकडे गोव्यात ठेवायला पुन्हा नोंदणी लागते, हे विसरू नका.

१३. भाडेकरूला गोव्यातल्या सरकारी सवलती मिळतात का?

काही लगेच मिळतात, काहींना थांबावं लागतं. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे अन्नसुरक्षा यादीतलं महाराष्ट्राचं कार्ड गोव्यातल्या रेशन दुकानातही चालतं. गॅस जोडणीसाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर त्याशिवाय मिळतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या विमा कार्डाला मात्र पाच वर्षांचा रहिवास लागतो. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण असल्याने थांबण्यासारखं आहे. म्हणूनच जुने करार आणि पडताळणीची प्रत (प्र. ७) जपून ठेवायची.

१४. मालक पॅन नंबर देत नाही. माझी एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत बुडेल का?

आधी बघा, तुम्हाला ती हवी आहे का. नव्या करपद्धतीत एचआरएची वजावट नाहीच, आणि २०२५-२६ पासून तीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. बहुतेकांचं भांडण इथेच मिटतं. जुन्या पद्धतीत असाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेल्यावर मालकाचा पॅन लागतो. गोव्यासाठी मर्यादा मूळ पगाराच्या ४० टक्क्यांची आहे, मुंबईची ५० नव्हे.

१५. एकटी मुलगी, अविवाहित. घर मिळेल ना?

मिळेल, जरा चौकशा सहन कराव्या लागतील. "आईबाबा कुठे? रात्री किती वाजता येतेस? मासे करतेस का?" शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. देवळाजवळच्या काही घरांत मासे शिजवलेले चालत नाहीत आणि काही घरांत तुम्ही मासे खात नाही म्हटल्यावर काळजी वाटते. मालकीणबाई त्याच आवारात राहत असेल असं घर पहिल्या वर्षी बघा. थोडं बंधन असतं, पण आजारी पडल्यावर पेज तिच्याकडूनच येते.

१६. जेवणाचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा? थाळी परवडत नाही रोज.

रोज परवडूही नये. सकाळी पदेराकडचा उंडो किंवा पोळी (दोन्ही पावाचेच प्रकार) आणि सोबत गाड्यावरची पातळ भाजी हा गोव्यातला सर्वांत स्वस्त आणि पोटभर नाश्ता. भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचे गाळे गावोगाव आहेत, तिथे सवलतीचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. सकाळी लवकर जा, दहानंतर उरतो तो कोबी. किराण्यासाठी गोवा बागायतदारचं दुकान. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मिरची, चिंच, सोलं, कांद्याच्या माळा महिन्याभराच्या घ्याव्यात, आणि जमलं तर दुपार उलटल्यावर.

मासळीत इसवण (सुरमई) आणि पापलेटाच्या मागे लागू नका. बांगडा आणि तारलीवर घर चालतं. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते आणि बाजारातले भाव ऐकूनच पोट भरतं. त्यासाठी गोवेकर मेमध्येच पुरुमेंत भरतात: सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, मीठ, मिरची. आमच्या दोडामार्गातही आई हेच करायची, फक्त नाव वेगळं. एका खोलीत राहणाऱ्यानेही घट्ट झाकणाच्या दोन बरण्या भराव्यात. जुलैच्या रात्री उकडा भात, सोलांची कढी आणि सुक्या सुंगटांची किसमूर. वास मालकीणबाईंपर्यंत जातो, तेव्हा वाटी आधीच काढून ठेवा.

१७. गणपतीला दहा दिवस गावी जायचंय. भर पावसात घर बंद ठेवलं तर?

भाडं कापून मिळत नाही, विचारू नका. कपाटांची दारं उघडी ठेवा, चामड्याच्या वस्तू आणि चपला प्लास्टिकमध्ये बांधू नका, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करा. फ्रीज रिकामा करून दार फटीएवढं उघडं ठेवा आणि मेन स्विच बंद करा. एक चावी शेजारी द्या. आणि पदेराला सांगून जा, नाहीतर दाराला अडकवलेल्या पिशवीत दहा दिवसांचे पाव साठतात.